ठमी मोठी झाली

डोंगराच्या पायथ्याशी पळसाची दाट राई होती. राईच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात शिदू गुरव पत्रावळी लावून पोट भरायचा. राजाराणीची गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, इथे राजा नाही. राजाच्या घरी दुसरं मूल यायचं असलं की पहिल्याला सांभाळायला दासी असतात. शिदूच्या घरी दासी नव्हती. त्याची बायको अंबू होती, आणि ती फार थकलेली होती.

अंबूला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि ते आता भरत आले होते. पहिली मुलगी ठमी धड तीन वर्षांचीही नव्हती. शिदू सकाळी राईत पानं तोडायला जायचा. आणलेली पानं निवडायची, भिजवायची आणि बांबूच्या काडीएवढ्या बारीक चोयांनी एकमेकांना टाचायची, हे काम अंबूचं. त्यात पाटलांच्या घरी लग्न निघालं होतं, आणि साऱ्या गावाच्या पंगतीच्या पत्रावळी शिदूने अंगावर घेतल्या होत्या. अंबू सकाळी बसायची ती दिवस कलेपर्यंत बसूनच असायची. उठताना तिला भिंत धरावी लागायची. ठमी मात्र घडीघडीला दोन्ही हात वर करून तिच्यापुढे उभी राहायची. घे म्हणायची. अंबूला घेता यायचं नाही, आणि ठमीला ते समजायचं नाही.

अंबूची आई हयात नव्हती. म्हणून बाळंतपणासाठी शिदूने आपल्या आत्याला, मथुराबाईंना, बोलावून घेतलं. आत्याबाई कामाला वाघ होत्या. आल्या दिवशीच त्यांनी पदर खोचला. माळ्यावरचा पाळणा उतरवून घासला, त्याला नवी दोरी लावली. सैल झालेली बाज आवळून घेतली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. डिंक, ओवा, बाळंतशेपा डब्यांत भरून ठेवल्या, शेगडीसाठी गोवऱ्या रचल्या. सगळी तयारी झाली. आता बाळाने यायचं तेवढं राहिलं होतं.

मग आत्याबाईंची नजर ठमीवर गेली. पाळणा तयार, बाज तयार, ही पोर तेवढी कच्ची राहिली होती. त्यांनी अंबूला सांगितलं की हिला आत्तापासूनच सवय लाव, नाहीतर उद्या दोघं मिळून तुझा जीव खातील. आणि त्यांनी सवयी लावायला घेतल्या. ठमीने कडेवर यायचं नाही, मांडीवर बसायचं नाही. आईच्या कुशीत न निजता आत्याबाईंच्या अंथरुणात निजायचं. पडली तर आपलं आपण उठायचं. रडू आलं तर गिळायचं. का, तर ठमी आता मोठी झाली होती.

'मोठी झालीस ना?' हे त्या घरात उठताबसता ऐकू येऊ लागलं. ठमी जेवताना भरवायला सांगायची, तेव्हा ती मोठी असायची. अंधाराला भ्यायची, तेव्हाही मोठीच. शेजारणी दारावरून जाताना तुला भाऊ हवा की बहीण म्हणून विचारायच्या, आणि काही आलं तरी तू मोठी, असं बजावून पुढे जायच्या. तुला मोठं व्हायचंय का, हे मात्र पोरीला कुणी विचारलं नाही. ते आपणही कुणाला विचारत नाही.

पहिल्यांदा ठमीने आकांत मांडला. भिजवलेल्या पानांत लोळली, पाळण्याच्या दोरीला लोंबकळली. अंबूचे हात आपोआप पुढे व्हायचे. आत्याबाई नुसतं बघायच्या आणि अंबूचे हात मागे यायचे. पण खरं सांगायचं तर ती आत्याबाईंच्या नजरेला भ्यायली नव्हती. तिच्या अंगात पोर उचलायचं बळच उरलं नव्हतं, आणि उचलू नकोस म्हणणारं कुणीतरी घरात आहे, याचा तिला आधार वाटत होता.

मग ठमी हळूहळू गप्प झाली. हात वर करेनाशी झाली. अंबू कामाला बसली की ती पाळण्याखाली जाऊन बसायची आणि आपल्या चिंध्यांच्या बाहुलीला हळू आवाजात सांगायची की तू आता मोठी झालीस. आत्याबाई खूश झाल्या. शेजारणींना म्हणाल्या, बघा कशी शहाणी झाली. शिदूलाही बरं वाटलं. अंबूला तर वाटलंच. थकलेल्या माणसाला घरात शांतता मिळाली की ती कुठून आली, हे विचारायचं त्याला सुचत नाही.

अशात एका दुपारी अंगणात सांडलेली एक चोय ठमीच्या टाचेत घुसली आणि आतच मोडली. ठमीने रडायला तोंड उघडलं. समोर आत्याबाई बाजेवर उन्हात दुपटी टाकत होत्या. ठमीने तोंड मिटलं. तिने जमिनीवर बसून पाय दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि मग लंगडत पाळण्याखाली जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती चवड्यावर चालू लागली. शिदूला वाटलं पोरीने नवा खेळ काढला. त्यानंतर ती संध्याकाळी बापाच्या वाटेकडे धावत जाईनाशी झाली. आत्याबाई म्हणाल्या, पोर भारदस्त झाली. जेवण कमी झालं, तर येणाऱ्या भावंडाच्या वेळी मुलं अशी खंगतातच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. प्रत्येक गोष्टीला घरात उत्तर तयार होतं. पाय मात्र कुणी पाहिला नाही.

लग्न दोन दिवसांवर आलं. अंबू पत्रावळी लावत होती आणि चोया संपल्या. पलीकडच्या कोपऱ्यात जुडी पडली होती. तेवढं उठणंही तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने ठमीला ती जुडी आणायला सांगितलं. ठमी निघाली ती रांगत. अंबूला हसू आलं. ती म्हणाली, बाळ यायच्या आधी तूच बाळ झालीस की काय?

ठमी घाबरली. मोठ्यांनी रांगायचं नसतं, हे तिच्या ध्यानात आलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तो पाय पूर्ण टेकून जुडीपर्यंत चालत गेली. चालत परत आली. जुडी आईपुढे ठेवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि खालचा ओठ दाताखाली होता.

अंबूने हातातली पानं टाकली. पोरीला ओढून तिने पाय वर करून पाहिला. टाच सुजून तांबडी झाली होती आणि चटका बसेल इतकी तापली होती. अंगातही ताप होता.

"कवा टोचलं गं हे?"

ठमीने पाय मागे ओढून घेतला.

"सांगितलं का न्हाईस?"

"मी मोठी हाय," ठमी म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "बाळाला टोचलं तर बाळ रडंल. त्ये ल्हान हाय."

 अंबूने हाक मारली तशी आत्याबाई धावत आल्या. शिदू नुकताच पानांचा भारा घेऊन आला होता, तो तसाच वैद्यांना आणायला पळाला.

वैद्य आले. त्यांनी पाय निरखून पाहिला आणि मान हलवली. चोय आत कुजली होती. काढली नाही तर पाय जाईल, कदाचित पायावरही थांबणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी पाणी उकळायला लावलं, धारेचं पातं त्यात टाकलं. शिदूने ठमीला बाजेवर धरलं. वैद्यांनी अंगठ्याने टाच दाबून पाहिली. इथे दाबली, तिथे दाबली. ठमी नुसती छताकडे बघत राहिली. अंग ताठ, पण तोंडातून हूं नाही.

वैद्यांनी हात थांबवला.

"पोर रडली म्हंजी मला कळतं काटा कुठं हाय ते. ही गप ऱ्हायली, तर मी पातं कुठं घालू?"

शिदू म्हणाला, रड बेटा. आत्याबाईही म्हणाल्या की आता रडलीस तरी चालेल. ठमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले. आपली परीक्षा चालली आहे असंच तिला वाटलं असणार. इतके दिवस सगळ्यांनी मिळून घरातून रडू हाकललं होतं. आता सगळे मिळून त्याला बोलावत होते आणि ते येत नव्हतं.

अंबू दाराला टेकून उभी होती. पोर उचलायचं बळ तिच्यात कालही नव्हतं, आजही नव्हतं. एका हाताने भिंत धरून ती हळूहळू खाली वाकली आणि जमिनीवर बसली. पाय पसरले. पोटाच्या बाजूला मांडीवर जेवढी जागा उरली होती, तिथे तिने हात ठेवला आणि म्हणाली, "इथं ये, ठमे."

ठमीने आधी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. शिदूने पोर उचलून अंबूच्या मांडीवर ठेवली. पोट आड येत होतं, तरी ठमीचं डोकं कसंबसं आईच्या दंडावर टेकलं.

अंबूला बोलायचं बरंच होतं, पण इतक्या दिवसांच्या शिणाने तिला एकदम रडू फुटलं. तिने ते गिळलं नाही. ठमी आश्चर्याने आईकडे बघू लागली.

"बघ, मी केवढी मोठी हाय," अंबू म्हणाली. "मला दुखतंय, म्हणून मी रडतीय. तू बी रड."

वैद्यांनी टाच दाबली. ठमीचा ओठ दाताखालून सुटला आणि ती रडली. टाचेचं रडली, अंधाराचं रडली, कडेवर न घेतल्याचं, एकटीने गिळलेल्या घासांचं, सगळं त्यात होतं. वैद्यांना जागा सापडली. त्यांनी नेमकं तिथेच पातं घातलं आणि काळी पडलेली चोय बाहेर काढली. एवढीशी होती. पोरीचं रडणं त्यानंतरही बराच वेळ चाललं होतं, आणि ते थांबवायची कुणाला घाई नव्हती.

आत्याबाई मागच्या दारी जाऊन बसल्या. शिदू बघायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीवर सहा भावंडं. मला तर कवाच मोठी केली व्हती. मला वाटलं, असंच करत्यात." मग त्या उठल्या आणि ठमीसाठी मऊ भात करायला लागल्या.

पाटलांच्या लग्नात पत्रावळी कमी पडल्या. शेवटची पंगत केळीच्या पानांवर उठली आणि चार लोकांनी शिदूला नावं ठेवली. ठेवू देत. ठमीचा पाय वाचला. पुढे अंबूला मुलगा झाला. ठमी त्याच्यावर लगेच माया करायला लागली, असं मी सांगणार नाही. तिने त्याला एकदा चिमटा काढला, आणि मग आपणच रडत येऊन आईला सांगितलं. अंबू तिला रागे भरली, आणि तरी मनातून तिला बरं वाटलं. पोर सांगायला आली होती.

अंबूचा थकवा गेला का? कसला जातो. दोन मुलं, भिजलेली पानं, बाळाची धुणी, सगळं होतंच. ठमी अजूनही मधूनच हात वर करून पुढे उभी राहायची. अंबूला तेव्हाही तिला उचलून घेता यायचं नाही. पण ती हातातलं काम बाजूला सारायची, भिंत धरायची आणि खाली बसायची. ठमी मांडीत येऊन पाय पोटाशी घ्यायची, आणि थोड्याच वेळाने उठून खेळायला निघून जायची.

तात्पर्य: नव्या बाळासाठी घर खुशाल तयार करा, पण त्यासाठी पहिल्या बाळाला घाईने मोठं करू नका, त्याला उचलून घ्यायचं बळ नसेल तर नसो, खाली बसून जवळ घेता येतं.