खिडकीबाहेर फेकलेल्या गोळ्या

वाचनालयाच्या कार्यक्रमात कादंबरीकार टिपणीस रंगात आले होते. "माझा नायक वेड्या नायिकेच्या गोळ्या खिडकीबाहेर भिरकावतो आणि खऱ्या प्रेमाने ती बरी होते!"

टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या मृण्मयीला मात्र संशय आला, या गृहस्थांचा स्वतःचा तरी यावर विश्वास आहे का?

ती उठली. "सर, मीही त्याच आजाराच्या गोळ्या घेते. तुमच्या मुलासाठी स्थळं बघताय म्हणे. माझी पत्रिका पाठवू?"

टिपणीसांना ठसकाच लागला. "अहो, ती कादंबरी आहे!"

"वाटलंच मला," मृण्मयी म्हणाली. "घाबरू नका, माझं लग्न ठरलंय. तो बिचारा कादंबऱ्या वाचत नाही. रोज फोन करून एवढंच विचारतो, 'गोळी घेतलीस?'"