परसातला नळ

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या जुन्या गुरुजींकडे एक शंका घेऊन आला. शंका आत्म्या-परमात्म्याची नव्हती, पाणीपट्टीची होती. हसू नका. संसारी माणसाला खरोखर छळणाऱ्या शंका बहुतेक अशाच असतात.

त्याच्या गावच्या नगरपालिकेनं घरोघरी विचारलं होतं, की पूर्वीसारखी ठोक पाणीपट्टी भरणार, की नळाला मीटर बसवून वापराल तेवढ्याचेच पैसे देणार? व्यापाऱ्यानं बरीच आकडेमोड केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, आणि डोकं शिणल्यावर तो गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, मीटरनं पैसे वाचतात का हो?"

"घरात माणसं किती?"

"मी, ही आणि आई. मुलगी तिच्या घरी सुखात आहे."

"बाग आहे? गुरं?"

"छे! परसात एक कढीपत्ता आहे, तोही मरतुकडा."

"मग वाचतील," गुरुजी म्हणाले. "ठोक पट्टी मोठ्या कुटुंबाच्या सोयीची. तुम्ही तिघांनी उगाच दुसऱ्यांच्या बादल्यांचे पैसे का भरायचे? खुशाल बसव. फक्त एक कर, बिल येईल तेव्हाच त्याच्याकडे बघ. एरवी बघू नकोस."

व्यापारी हो म्हणाला. हो म्हणायला काय जातं!

फाटकाजवळच्या भिंतीत मीटर बसला आणि बसल्या बसल्या त्यानं एक मोठं काम केलं. घरातले सगळे नळ बंद असतानाही त्याचं चक्र हळूहळू फिरत होतं. प्लंबर बोलावला, तेव्हा कळलं की गच्चीवरच्या टाकीतला, भरली की पाणी अडवणारा गोळा झिजलाय आणि पाणी कधीपासून पन्हळीतून वाहून जातंय. गोळा बदलला, चक्र थांबलं, बिल ठोक पट्टीच्या निम्म्यावर आलं. खरी बचत तिथेच झाली होती. गोष्टही तिथेच संपली असती, तर आज मला ती सांगावी लागली नसती.

पण एकदा साधलं की माणसाला आणखी साधायचं असतं. व्यापारी दुकानात जाताना मीटर पाहू लागला, येताना पाहू लागला. "आज चादरी धुतल्यास वाटतं?" असं बायकोला विचारू लागला. कालचं पाणी शिळं म्हणून रोज सकाळी माठ रिकामा करून ताजं पाणी भरायचं, अशी त्या घराची रीत होती. तीही त्यानं मोडली. "पाणी कधी शिळं होतं का? काहीतरीच तुमचं!" बायको चिडली, चार दिवस फणकाऱ्यानं वागली, मग तिनंही नाद सोडला. आई मात्र कशालाच काही बोलली नाही. ती मुळातच अबोल, त्यामुळे ती अधिकच गप्प झालीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बिल आणखी उतरलं. किती? तर महिन्याला दोघांचा चहा निघेल एवढं. पण व्यापाऱ्याला आनंद मावेना. सल्ला ज्यांनी दिला त्यांचं तोंड गोड करायला हवं, म्हणून त्यानं गुरुजींना जेवायला बोलावलं.

पानं मांडली गेली. गुरुजी, व्यापारी आणि आई बसले, बायको वाढू लागली. व्यापारी रंगात येऊन गळक्या गोळ्याची हकिकत सांगत होता. सांगता सांगता त्याला कुठे थांबावं ते कळेना. तेवढ्यात गुरुजी भरल्या ताटावरून उठले. वाढलेल्या पानावरून असं उठणं म्हणजे आपल्याकडे अन्नाचा अपमान. आणि गुरुजी तर शीत न सांडणारे! ते सरळ परसात गेले, तिथला नळ त्यांनी पूर्ण सोडला आणि मुकाट्यानं परत येऊन पानावर बसले.

बाहेर पाणी धो धो वाहू लागलं. व्यापाऱ्याचा घास हातातच राहिला. दोन क्षण त्यानं कसाबसा धीर धरला, मग खरकट्या हातानं धावत जाऊन नळ बंद करून आला.

"गुरुजी, हे काय? काही चुकलं का माझं?"

"बस," गुरुजी म्हणाले. "तुझे कान तपासत होतो. चांगले तिखट आहेत. भिंतीपलीकडचा नळ तुला लगेच ऐकू आला. आणि तू बोलत होतास तेव्हा तुझ्या शेजारी आईंना ठसका लागला होता. भाकरीचा घास घशात अडकला. त्यांनी भांड्याला हात लावला आणि परत मागे घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण भांड्यातलं प्यायल्या नाहीत. ते तुला ऐकू आलं का रे?"

व्यापाऱ्यानं आईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. ओठ सुकून भेगाळले होते आणि तिच्या हाताची कातडी कागदासारखी झाली होती.

"आई, तू पाणी का पीत नाहीस?"

आई ओशाळली. "अरे, काही नाही. या वयात पाणी प्यायलं की घडीघडीला उठावं लागतं. उठलं की फ्लश करावं लागतं. बादलीभर पाणी जातं एका वेळेला. तूच म्हणाला होतास ना?"

"मी? मी कधी म्हणालो?"

"गणपतीच्या आधी रे. 'आई, किती वेळा जातेस, चक्र थांबतच नाही,' म्हणालास. हसत म्हणालास, रागावून नाही. तुझं बरोबरच आहे अनंता. मी तेव्हापासून बेतानं पिते."

व्यापाऱ्याला ते वाक्य आठवेना. आठवलं असतं तर बरं झालं असतं. निदान आपण बोलण्याआधी क्षणभर विचार केला होता, एवढं तरी मनाला सांगता आलं असतं. "मेल्याहून मेल्यासारखं झालं गुरुजी," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

गुरुजींचा आवाज मऊ झाला. "मीटरला दोष देऊ नकोस. घरातून किती पाणी गेलं, हे तो इमानानं सांगत होता. कुणाच्या पोटात पाणी गेलं नाही, हे त्याला कसं कळावं? ते पाहायचं काम तुझं होतं. तू आपलं काम टाकून त्याच्यावर पहारा करत बसलास."

दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं फार दिवस कोरडी राहिली, जरा आधी आणायला हवं होतं. सलाईन लागलं, औषधं झाली. आई घरी परतली, पण तिची गेलेली ताकद काही परतली नाही. बायकोनं पुन्हा रोज माठ रिकामा करून ताजा भरायला सुरुवात केली. व्यापाऱ्यानं मीटरच्या काचेवर जुनं फडकं बांधून टाकलं.

पुढे एकदा तो गुरुजींकडे आला. म्हणाला, "मी स्वतः पाणी नेऊन देतो आईला. दोन घोट घेते आणि भांडं परत करते. लाख सांगितलं, ऐकत नाही. काय करू?"

"रोज दे."

"पण ती पीत नाही हो!"

"तरी दे," गुरुजी म्हणाले.

तेव्हा मीटर बसवावा का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, जरूर बसवा, पैसे वाचतात. आणि मला तो व्यापारी आठवतो. तो रोज संध्याकाळी दुकानातून येतो, हातपाय धुतो, माठातलं ताजं पाणी काठोकाठ भरून आईपुढे धरतो. आई दोन घोट घेते. मग पदरानं तोंड पुसत, काळजीनं विचारते,

"नळ नीट बंद केलास ना रे, अनंता?"