वडाच्या शेंड्यावरचा महोत्सव

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याकाठी मोराने महोत्सव भरवला. दूरदेशीचे रोहित पक्षी पाहायला यावेत, तळ्याचं नाव व्हावं, ही त्याची हौस. मंच मात्र बांधला वडाच्या शेंड्यावर!

"मोरदादा, आम्ही वर कसं यायचं?" कासवीण म्हणाली.

"खालूनच ऐका की! पाहुण्यांसमोर चिखलाचे पाय नकोत."

पाहुणे आले, वडाभोवती एक घिरटी घातली आणि थेट चिखलात उतरले. त्यांच्या लांबलचक पायांना फांदी धरवतच नव्हती! बेडकांनी सूर लावला, खेकड्याने कासविणीच्या पाठीवर ठेका धरला आणि मैफल अशी रंगली म्हणता!

शेंड्यावर मोर एकटाच. शेवटी पिसारा सावरत तो खाली आला.

"कासवताई, मला जागा आहे?"

"या की," ती सरकत म्हणाली. "इथे चढावं लागत नाही."