कवड्या रोज कुठे जातो?

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कुत्री बोलत आणि माणसांना ऐकायला वेळ असे.

नदीकाठच्या एका गावात रीत होती. तव्यावरची पहिली भाकरी आळीतल्या कुत्र्याची. त्या गावातल्या सगुणाला जखमी कुत्रं बघवत नसे. तिनं बापाच्या बागेला कुंपण घातलं, झोपड्या उभारल्या आणि शपथ घेतली, की जखमी जीव या फाटकातून परत जाणार नाही.

गावानं तिचं तोंडभर कौतुक केलं. आधी जखमी कुत्री आली. मग म्हातारी कुत्रीही आली. मग कुणी म्हणालं, आमचं फार भुंकतं. कुणी म्हणालं, नव्या सुनेला चालत नाही. सगुणानं कुणालाच नाही म्हटलं नाही. बाग गच्च भरली. कुत्री एकमेकांना चावू लागली.

त्यात कवड्या नावाचं ठिपक्यांचं कुत्रं होतं. मोडलेला पाय कधीच बरा झालेला. पण ते रोज सकाळी कुंपणाखाली उकरून पळे आणि दुपारी उपाशीपोटी परत येई. सगुणा खड्डा बुजवी, ते नवा उकरी. इथं पोटभर मिळतं, मग हे जातं तरी कुठे? एके सकाळी ती त्याच्या मागोमाग निघाली.

कवड्या थेट कोष्टी आळीत गेला आणि एका दारासमोर बसला. आतून भाकरीचा खरपूस वास येत होता. म्हातारी मालकीण बाहेर आली. "अरे, तुझं घर आता तिकडं. हो चालता," म्हणाली आणि आत गेली. तवा निवेपर्यंत कवड्या हलला नाही.

"भाकरी मिळत नाही, मग येतोस कशाला?" सगुणानं विचारलं.

"भाकरीसाठी कुठं येतो?" कवड्या म्हणाला. "मी ही दारं विसरलो नाही. पण ती मला विसरायला लागलीत."

सगुणानं म्हातारीला हाक मारली. "मावशी, पहिली भाकरी का बंद केलीत?"

"आता तू आहेस की पोरी," म्हातारी सहज म्हणाली. "पहिली आम्हीच खातो. गरम असते."

सगुणा विचारात परतली, तर फाटकाशी गाडीच्या चाकाखाली सापडलेली एक कुत्री पडलेली. आत तिला टेकवायला हातभर जागा नव्हती. आणि त्या गर्दीत जखमी किती? बोटांवर मोजण्याइतकी.

सगुणानं फाटक उघडलं. धडधाकट कुत्र्यांना घेऊन ती आळी-आळीत, दारोदार फिरली. गाव चिडलं. पाटलांनी टोमणा मारला, "काय गं, पुण्याचा कंटाळा आला वाटतं?"

"पुण्य तुमचंच होतं, पाटीलबाबा. माझ्या अंगणात टाकून गेला होतात. परत आणलंय."

त्या दिवशी जखमी कुत्रीला सावलीतली झोपडी मिळाली आणि ती वाचली. पुढे सगुणानं एकच अट घातली. कुत्रं जो आणेल, त्यानंच ते बरं झाल्यावर न्यायचं.

दुसऱ्या सकाळी कवड्या त्याच दारासमोर बसला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. बराच वेळ कुरकुरली. मग पहिली भाकरी फुंकून गार केली आणि त्याच्यापुढे ठेवली.

तात्पर्य : आपली दया दुसऱ्याच्या अंगणात सोडली, की ती आपल्याच दाराशी उपाशी बसते.