दोन गाड्यांची नाकं

गाड्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एका गॅरेजात दोन म्हाताऱ्या स्पोर्ट्स कार राहायच्या.

लाल म्हणायची, "माझ्या कार्बुरेटरची तोंडं म्हणजे माझं नाक, सताड उघडं. मी छाती भरून हवा घेते!"

"धुळीसकट!" निळी फणकारायची. "मी फिल्टरमधून गाळून घेते."

शेवटी पन्हाळ्यापर्यंत शर्यत ठरली. पण पहिल्याच चढावर धापा टाकत दोघीही बंद पडल्या.

गॅरेजचे दस्तगीर मिस्त्री मागून आले, त्यांनी दोघींची बॉनेटं उघडली. लालच्या एका तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. निळीचा फिल्टर धुळीनं गच्च.

"बायांनो, नाकाचा एवढा तोरा, पण नाक शिंकरलंत कधी?"

मिस्त्रींनी दोन्ही नाकं साफ केली. दोघी गर्जत, खिदळत गडावर पोचल्या. जिंकलं कोण, हे विचारायचंच राहिलं.

"पुन्हा?" लाल म्हणाली.

"थांब," निळी हसली, "आधी तुझं नाक बघू!"