हवालदाराचा सलाम

"पण तो सलाम कधी करणार पुन्हा?" धायगुडे फौजदारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

लालनशा बाबा आपलीच बोटं चोळत होते. गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, चिंचेखाली, ते पाय पसरून बसले होते. सकाळपासून नऊ जणांच्या मुरगळलेल्या नसा चोळून त्यांचेच हात भरून आले होते. आणि दहावा रोगी निघाला कुत्रा.

धायगुड्यांना आल्या आल्या एक गोष्ट खटकली होती. बाबा उठले नाहीत. ते कुणासाठीच उठत नाहीत, असं लोक म्हणत. धायगुडे निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

टोपलीत हवालदार पडला होता. हवालदार म्हणजे त्यांचा डॅशहुंड. वीतभर पाय, हातभर पाठ आणि भुईला टेकतील असे कान. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते.

"डाक्टर काय बोलले?" बाबांनी विचारलं.

"मणक्यातली गादी सरकलीय. सहा आठवडे पिंजऱ्यात निजवून ठेवा म्हणाले. उभं करायचं नाही, जिना नाही, उडी नाही, वजन वाढू द्यायचं नाही. नाही ऐकलं तर पाय कायमचे गेले."

"किती झाले?"

"चार."

"मग थोडा तरी आराम पडाया पाहिजे हुता."

धायगुड्यांनी हवालदाराचा दुमडलेला कान सरळ केला.

"रोज सकाळी सातला उभं करून बघतो," ते शेवटी म्हणाले. "एकदाच."

बाबांनी डोळे मिटले. फार दमलेला माणूस मिटतो तसे.

"उचला बघू त्याला."

धायगुड्यांनी लहान पोराला उचलतात तसं बगलेत हात घालून उचललं. मागचं धड लोंबत राहिलं. हवालदार ओरडला नाही, नुसता थरथरला.

"ठेवा. ठेवा, साहेब."

बाबांनी एक तळवा त्याच्या छातीखाली घातला, दुसरा ढुंगणाखाली. काठोकाठ भरलेली परात उचलावी तसा त्याला आडवाच मांडीवर घेतला. पाठ कुठं वाकली नाही.

"ह्याचं मूळचं काम काय हो?"

इथं मात्र धायगुड्यांची कळी खुलली.

"जर्मनीतली जात ही. डाक्स म्हणजे बिजू, बिळात राहणारं रानटी जनावर. हुंड म्हणजे कुत्रा. लोक उगाच डॅश डॅश करतात. बिजूच्या मागं बिळात घुसायचं, म्हणून पाय आखूड. आवाज मोठा, वर उभ्या शिकाऱ्याला ऐकू जावा म्हणून. शिकारी वर, हा खाली एकटा, अंधारात. हुकूम द्यायला कुणी नाही. काय करायचं ते ह्याचं ह्यानंच ठरवायचं. म्हणून तर जात हट्टी. तरी मी दोन महिन्यांत ह्याला मागच्या पायांवर उभं राहून सलाम ठोकायला शिकवलं. सगळी कॉलनी बघायला यायची."

"बिळात सलाम कुणाला करत असंल हा?"

धायगुडे हसले नाहीत.

सलाम हा शब्द हवालदारानं मात्र ऐकला होता. मांडीवर पडल्या पडल्याच त्यानं उजवा पंजा कानाकडे नेला आणि पाठ ताणली. मागचे पाय आले नाहीत. त्यानं पुन्हा ताणली. बाबांनी तळव्यानं त्याला हलकेच दाबून धरलं.

धायगुड्यांनी मान फिरवली.

"बत्तीस वर्षं रोज सकाळी सातला सलाम घेतला, बाबा. खुर्ची सुटली, दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात कुणी ओळख देईना. पुढं बायको गेली. पोरं लांब. हा एकटाच..." त्यांनी रिकामी टोपली उगाच जवळ ओढली. "मला कळतं सगळं. त्याला दुखतं तेही कळतं. पण सात वाजले की राहवत नाही."



बाबांनी हवालदाराला टोपलीत तसाच आडवा ठेवला. मग एक हात भुईला टेकला, दुसरा चिंचेच्या खोडाला. गुडघे कडकडले. अर्ध्यात एकदा थांबून त्यांनी दम घेतला आणि ते उठले.

अनवाणी टाचा जुळवून, म्हाताऱ्या कण्याला जमेल तेवढं ताठ होऊन, त्यांनी हात कपाळाला लावला.

धायगुड्यांचा हातही सवयीनं वर निघाला. आणि छातीपाशीच थांबला.

"दोन हप्ते राहिले न्हवं?" बाबा म्हणाले. "उद्यापासनं सातला इकडं येत जा, साहेब. मी उठत जाईन. त्याला निजू द्या."