मधली टोपी

लोखंडाला वाचा होती आणि ट्रकची इंजिनं घरच्या अंगणातच उघडली जात, त्या काळातली गोष्ट. गेनबाने आपल्या म्हाताऱ्या ट्रकचं इंजिन सोडवून गोणपाटावर मांडलं होतं. त्यात इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकमावशीला, जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी टोप्या होत्या. मधली टोपी सगळ्यांत दमलेली. वर्षानुवर्षं घाटाचा भार तिच्यावरच यायचा.

"ताई, यंदा तू बस मधे," ती कडेच्या टोपीला म्हणाली. "आपले जागेचे नंबर काजळीखाली झाकलेत. त्याला काय कळतंय!"

"बसते बाई. तुझं रडगाणं तरी थांबेल."

दोघींनी गुपचूप जागा बदलल्या. गेनबाने त्या तशाच आवळल्या आणि क्रँक फिरवायला गेला, तर ती हलेचना.

"अगं, चिमटा बसतोय मला!" मावशी कळवळली.

गेनबा मटकन खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "पारू, संपलं बघ याचं. उद्या भंगारात घालू."

मधली घाईघाईने म्हणाली, "मावशी, मी नुसती जरा टेकणार होते गं."

"टेक की. पण तू जिथं झिजलीस, तिथंच मीही झिजलेय. दुसरीला ते कसं जमावं?"

मधलीने थरथरून अंगावरची काजळी सोडली. पारूला नंबर दिसला. "अवं, ही हितली न्हाईच!"

टोप्या आपापल्या जागी गेल्या आणि मावशी नुसत्या हाताने फिरली. भार होता तेवढाच होता.

"दमलीस?" मावशीने विचारलं.

"दमलेय गं," मधली म्हणाली. "तू फीर."